आधी चांगल्या नळ्या पाहा

आमच्या मॅडमना उपमा चालत नसे. खायचा चालायचा. रोज साडेदहाला समोरच्या हॉटेलातून यायचा आणि त्या तो उभ्या उभ्या संपवायच्या. रमजानच्या महिन्यात तेवढा बंद, बाकी सगळं चालू. बोलण्यातली मात्र चालत नसे. एकदा नागपूरहून औषध कंपनीचा एक माणूस आला होता. हातात चकचकीत कागद धरून तो सांगू लागला, "मॅडम, ट्यूमर सप्रेसर जीन म्हणजे गाडीचा ब्रेक असतो बघा. ब्रेक फेल झाला की..."

मॅडमनी मायक्रोस्कोपवरचे डोळे न काढता म्हटलं, "ब्रेक नाई. जीन आहे. त्याच्यापासून प्रोटीन बनते. गाडीचं गॅरेजवाल्याले सांगा."

तो माणूस पुन्हा आमच्याकडे आला नाही.

मी त्यांच्याकडे आठ वर्षं टेक्निशियन होते. आता गडचांदूरला एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासते. मॅडमच्या लॅबमध्ये रक्त-लघवी नव्हती. चंद्रपुरात जटपुरा गेटपासून पाच मिनिटांवर खाली घड्याळाचं दुकान आणि वर लॅब. दुकान त्यांच्या अब्बांचं, नंतर भावाचं. लघवीची बाटली घेऊन कोणी जिना चढला की मॅडम वरूनच सांगत, "ते समोर. इथी फक्त तुकडे." तुकडे म्हणजे माणसाच्या अंगातून ऑपरेशननं काढलेले. ते नऊवार लुगड्यात गुंडाळून आलेले मी पाहिलेत, कॅरीबॅगमध्ये आलेले पाहिलेत, आणि एकदा एक स्टीलच्या डब्याच्या खालच्या खणात आला होता. वरच्या खणात आणणाऱ्याची भाजी-पोळी होती.

मी मूल गावची. आमच्या घरची धानाची शेती. मॅडम कोणाचंही नाव लक्षात ठेवत नसत, गाव ठेवत. त्यामुळे मी ‘मूलवाली’. "मूलवालीले विचारा, मूलवालीजवळ द्या." मला तेव्हा मूल नव्हतं. नवीन आलेल्या बाया माझ्याकडे पाहून विचारायच्या, "किती वर्साचं आहे जी?" सुरुवातीला मी खुलासा करायची. पुढं पुढं ‘चार वर्साचं’ म्हणून मोकळी व्हायची.

मॅडम बुटक्या होत्या. पांढरा सलवार-कुर्ता, ओढणी कमरेला खोचलेली, गळ्यात दोन चष्मे. एक जवळचा, एक लांबचा. घड्याळ उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. पण एका म्हाताऱ्या पेशंटनं सरळ विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "राहून गेलं." पुस्तक परत करायचं राहून जातं, तशा आवाजात.

जो कोणी तुकडा घेऊन येईल त्याला त्या तीन प्रश्न विचारत. कधी काढला? कधी बुडवला? किती पाण्यात बुडवला? पाणी म्हणजे फॉर्मेलिन. तुकडा अंगातून निघाल्याबरोबर फॉर्मेलिनमध्ये पडला पाहिजे आणि फॉर्मेलिन तुकड्याच्या दहा पट पाहिजे. नाहीतर पेशी सडायला लागतात, त्यांच्यातली प्रोटीनं विरतात, आणि मग तपासणीत जे दिसतं ते खरं नसतं. आमच्या भागात ऑपरेशन एका गावाला, लॅब दुसऱ्या गावाला आणि मध्ये एसटी. मॅडमनी यावर स्वतःचा उपाय काढला होता. रुंद तोंडाच्या लोणच्याच्या बरण्या. अरुंद बाटलीत डॉक्टर लोक तुकडा कोंबतात, तो फुगून बसतो आणि बाहेर निघत नाही, म्हणून बरण्या. त्या ओळखीपाळखीच्या घरी जेवायला गेल्या की उठताना विचारत, "बरणी रिकामी आहे का एखादी?" माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला माझ्या सासूनं त्यांना जेवायला बोलावलं होतं. जाताना त्या आमच्या तीन बरण्या घेऊन गेल्या. एकीत लोणचं होतं, ते त्यांनी आमच्याच पातेल्यात काढून ठेवलं. मग त्या बरण्यांवर लाल रंगानं आडवी रेघ मारून, रेघेपर्यंत फॉर्मेलिन भरून, रविवारी एसटीनं तालुक्या-तालुक्याच्या दवाखान्यांत ठेवून यायच्या. कंडक्टर त्यांना ओळखायचे. त्यांच्या शेजारी कोणी बसायचं नाही, वासामुळे.

छातीच्या गाठीची तपासणी हे त्यांचं मुख्य काम. गाठ कॅन्सरची आहे की नाही हे सांगून त्या थांबत नसत. पुढची तपासणी असते रिसेप्टरची. छातीच्या पेशीच्या केंद्रकात एक प्रोटीन असतं. बाईच्या अंगातलं हार्मोन येऊन त्याला चिकटतं आणि पेशी वाढीला लागते. गाठीत हे रिसेप्टर भरपूर असतील तर बाईला रोज एक गोळी देता येते. ती गोळी रिसेप्टरची जागा धरून बसते, हार्मोनला चिकटू देत नाही. पाच-दहा वर्षं गोळी खायची, संसार करायचा. रिसेप्टर नसतील तर गोळीचा काही उपयोग नाही, मग सलाइनमधून देतात त्या कडक औषधांवर सगळी भिस्त.

या तपासणीत गाठीच्या पातळ कापावर एक औषध टाकतात, आणि रिसेप्टर असलेलं केंद्रक तपकिरी होतं. त्याआधी तो काप चांगला तापवावा लागतो. मोठ्या लॅबमध्ये त्याला मशीन असतं. आमच्याकडे पाच लिटरचा प्रेशर कुकर होता. शिटी धरल्यापासून बरोबर तीन मिनिटं. कुकरवर मॅडमनी रंगानं लिहिलं होतं, ‘यात डाळ शिजवू नये’. हे लिहायची वेळ का आली ते मी विचारलं नाही. पण त्यांच्या भावजयीनं त्या काळात काही महिने त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं एवढं मला माहीत आहे.

काप तयार झाला की मॅडमचं ठरलेलं वाक्य असायचं, "आधी चांगल्या नळ्या पाहा." गाठीच्या आसपास चांगल्या छातीचा थोडा भाग असतो, दूध वाहणाऱ्या बारीक नळ्या. त्या नळ्यांच्या काही पेशींत रिसेप्टर असतोच. म्हणून आधी त्या तपकिरी झाल्या का ते पाहायचं. त्या झाल्या आणि गाठ झाली नाही, तर गाठीत रिसेप्टर नाही. त्याच झाल्या नसतील, तर गाठीबद्दल काही बोलायचा आपल्याला अधिकार नाही. मी पहिल्या महिन्यात एकदा सरळ गाठ पाहून "निगेटिव्ह आहे" म्हटलं होतं. मॅडमनी काप काढून घेतला आणि मला दिवसभर काचा धुवायला लावल्या.

‘निगेटिव्ह’ हा शब्दही पुढं लॅबमध्ये बंद झाला. त्याला कारण सिंदेवाहीचे एक काका. त्यांच्या सुनेचा रिपोर्ट त्यांनी स्वतः वाचला, निगेटिव्ह. कोरोनाच्या आजारात निगेटिव्ह म्हणजे सुटलो हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालेलं. ते अर्धा किलो पेढे घेऊन जिना चढले. मॅडमनी एक पेढा खाल्ला. मग त्यांना स्टुलावर बसवून पाऊण तास समजावलं की यात पॉझिटिव्ह असतं तर बरं होतं. काका शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग पेढे वापस नेऊ का जी?"

"नका नेऊ," मॅडम म्हणाल्या. "इलाज आहे. फक्त गोळीचा नाई. लंबा आहे."

त्या दिवसापासून पेशंटच्या कागदावर ‘रिसेप्टर दिसला’ किंवा ‘दिसला नाही’ असं मराठीत लिहायचं ठरलं.

कागदावर लिहून त्यांचं समाधान होत नसे. त्यांच्याकडे दोन तोंडांचा एक मायक्रोस्कोप होता, कॉलेजात शिकवायला असतो तसा. एका तोंडाला त्या, दुसऱ्या तोंडाला स्टूल. पेशंट असो, नवरा असो, त्या बसवायच्याच. "तुमचं आहे. तुमी पाहा." धानाच्या बांधीत आयुष्य गेलेली माणसं एक डोळा मिटून त्या नळीत पाहायची आणि मॅडमनी केंद्रक दाखवलं की "हो जी" म्हणायची. एक बाई म्हणाली, "जांभळं सांडल्यावानी दिसते." मला वाटलं आता मॅडम तिला गॅरेजवाल्याकडे पाठवतात. पण त्या म्हणाल्या, "दिसते ना? बस्स." उपमेची बंदी फक्त शिकलेल्यांना होती.

आता आलापल्लीची गोष्ट सांगते, कारण मॅडम मला खऱ्या समजल्या त्या तेव्हा.

कौशल्या म्हणून एक बाई आलापल्लीहून आली. पस्तिशीच्या आतली. नवरा सागवानाच्या डेपोवर मजूर. गाठीचा तुकडा एका लहान दवाखान्यात काढला होता आणि बाहेरच्या एका लॅबचा रिपोर्ट होता, कॅन्सर आहे, रिसेप्टर निगेटिव्ह. मोठं ऑपरेशन चंद्रपुरात व्हायचं होतं. सर्जननं कापांच्या काचा मॅडमकडे एक नजर टाकायला म्हणून पाठवल्या होत्या. मॅडमनी एक नजर टाकली आणि मला बोलावलं.

"नळ्या पाह्य."

मी पाहिल्या. चांगल्या नळ्या कोऱ्या होत्या. एकही केंद्रक तपकिरी नव्हतं.

मॅडमनी कौशल्याच्या नवऱ्याला तीन प्रश्न विचारले. तुकडा शनिवारी निघाला होता. दवाखान्यानं मिठाच्या पाण्यात ठेवून त्याच्या हाती दिला होता. रविवारी लॅब बंद. सोमवारी दुपारी फॉर्मेलिनमध्ये पडला. मॅडमनी तिथल्या तिथं सर्जनला फोन लावला. "डॉक्टरसाहेब, हा रिपोर्ट निगेटिव्ह नाई. हा रिपोर्ट झालाच नाई."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं तेव्हा मॅडम ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बरणी घेऊन उभ्या होत्या. सकाळी नऊपासून. कौशल्याची धाकटी बहीण ज्योती बाकावर बसली होती. तिच्या गावात ती अंगणवाडी सेविका. तिनं मला हळूच विचारलं, "ह्या बाई लोणचं घेऊन काऊन उभ्या आहेत?" मी तिला सांगितलं. तिला ते लोणच्याइतकंच विचित्र वाटलं असावं. तुकडा बाहेर आला, बरणीत पडला आणि मॅडमनी झाकणावर वेळ लिहिली. अकरा सात निघाला, अकरा नऊ बुडवला. एवढ्या आनंदात मी त्यांना ईदलाही पाहिलं नव्हतं.

काप तयार झाला. कुकर लागला. आम्ही दोघी दोन तोंडांना बसलो. चांगल्या नळ्या सुंदर तपकिरी. मॅडमनी काच सरकवत गाठीवर आणली. गाठ कोरी. त्यांनी सगळी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग दुसरा काप करायला लावला. तोही कोरा.

म्हणजे पहिला रिपोर्ट जे म्हणत होता तेच निघालं. मला वाटलं, एवढा आटापिटा करून काय मिळालं. मी तसं बोलले असेन बहुतेक, कारण मॅडम म्हणाल्या, "तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे."

त्यांनी कौशल्याला स्टुलावर बसवून दाखवलं. मग विचारलं, "घरी कोणाले होतं का हे?"

कौशल्या म्हणाली, "मायले होतं. मावशीलेबी. मायले तं चाळीसच्या आतच झालं."

मॅडमनी मान हलवली. त्यांनी तिला जे सांगितलं ते मी अनेकदा ऐकलं होतं, पण इतक्या हळू कधी नाही. बीआरसीए-वन म्हणून एक जीन असतो. प्रत्येकाच्या प्रत्येक पेशीत असतो. त्याचं प्रोटीन केंद्रकात राहतं. ते रिसेप्टरला चिकटतं आणि त्याचं काम आवरतं, पेशीला उगाच वाढू देत नाही. आणि तेच प्रोटीन पेशीला रिसेप्टर बनवायलाही लागतं. दोन्ही कामं एकच करतं. काही घरांत हा जीन बिघडलेलाच आईकडून किंवा बापाकडून येतो. मग गाठ लवकर होते, आणि अशा गाठीत पुष्कळदा रिसेप्टर सापडत नाही.

कौशल्यानं विचारलं, "म्हंजे माया अंगातच होतं?"

"तुया अंगात जीन होता. असंल तर. रक्त तपासलं का कळते."

रक्त तपासायला बाहेर गेलं. महिन्याभरानं रिपोर्ट आला. जीन बिघडलेला होता. तोवर कौशल्याच्या सलाइनी सुरू झाल्या होत्या, डोक्यावरचे केस गेले होते. तिनं रिपोर्ट ऐकून एवढंच म्हटलं, "ज्योतीले सांगा. मी नाई सांगत."

ज्योती आली. तिला दोन लहान मुली होत्या, त्यांना सासूजवळ ठेवून आली होती. मॅडमनी तिला सांगितलं की तुझ्यात तो जीन असण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे, असला तर लक्ष ठेवता येतं, दर सहा महिन्यांनी तपासणी करता येते. नसला तर तू मोकळी.

ज्योती म्हणाली, "मले नाई पाहाचं."

मॅडमच्या लॅबमध्ये हे वाक्य याआधी कोणी म्हटलं नव्हतं. त्यांना आधी ते समजलंच नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग कागदावर काढून सांगितलं. अर्धा तास झाला. ज्योती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मग तिनं विचारलं, "बाई, तुमच्या घरी होतं का कोणाले?"

मॅडम म्हणाल्या, "अम्मीले होतं."

माझ्या आठ वर्षांतली सहा तोवर झाली होती, आणि हे मला माहीत नव्हतं.

"गेल्या का?"

"गेल्या. मी कॉलेजात होतो तेव्हा."

"मंग तुमी केली का जी ही तपासणी?"

मॅडमनी गळ्यातले दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. मग त्यातला एक पुन्हा घातला.

"नाई केली."

"काऊन?"

"वेळ नाई भेटला."

ज्योतीच्या बोलण्यात टोमणा नव्हता, रोजच्या कामातलं सांगावं तसं ती म्हणाली, "आमच्या अंगणवाडीत बाया असंच सांगतेत. लोहाच्या गोळ्या काऊन नाई खाल्ल्या म्हनलं, का वेळ नाई भेटला." आणि ती आलापल्लीच्या गाडीला जायला निघाली.

पुढचे दोन-तीन आठवडे मॅडम कामात चुकल्या नाहीत, बरण्या घेऊन रविवारी गेल्या, सगळं तसंच. फक्त तुकडा घेऊन येणाऱ्याला तीन प्रश्न विचारताना मधेच थांबायच्या आणि तिसरा प्रश्न मी विचारायची.

त्याच दिवसांत त्यांच्याबद्दलची बाकीची माहिती मला कळली, तीही त्यांच्या भावाकडून, खाली दुकानात. अम्मी गेल्यावर मॅडमनी डॉक्टरकी पुरी केली आणि पुण्याला एका प्रयोगशाळेत सहा वर्षं काढली. तिथं त्या छातीच्या कॅन्सरच्या पेशी बाटलीत वाढवत. त्या पेशींतला बीआरसीए जीन बंद करत, मग रिसेप्टर किती उरला ते मोजत. कमी व्हायचा. जीन पुन्हा चालू केला की परत यायचा. सहा वर्षं हेच. त्यांना वाटत होतं की अम्मीला झालं ते हेच होतं. भाऊ म्हणाला, "हमको तो उसने कभी बोला नहीं। पर अम्मी के बाद उसको वही एक चीज दिखती थी।"

एका शनिवारी मॅडमनी माझ्यासमोरच ज्योतीला फोन लावला. "मी देतो रक्त सोमवारी. तू येते का?"

पलीकडून ज्योतीनं काहीतरी विचारलं. मग मॅडम म्हणाल्या, "हो, आधी माझं. तू पाह्य आणि मंग ठरव."

सोमवारी दोघींचं रक्त मीच काढलं. मॅडमची शीर सापडेना. त्या मला स्वतःच्या हातावर बोट ठेवून सांगत होत्या, "इथी नाई, थोडी खाली." ज्योतीनं मॅडमची नळी भरताना नीट पाहिली आणि मग स्वतःचा हात पुढं केला.

रिपोर्ट आले तेव्हा मॅडमनी दोन्ही पाकिटं उघडली, वाचली आणि ज्योतीला बोलावून घेतलं. फोनवर सांगितलं नाही. ज्योती स्टुलावर बसली.

"तुले आहे," मॅडम म्हणाल्या.

ज्योतीनं खाली पाहिलं. मग म्हणाली, "तुमाले?"

"मले नाई."

"बरं झालं," ज्योती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं हे मला दिसत होतं. मग ती म्हणाली, "आता पुढं काय कराचं ते सांगा. माया पोरी लहान आहेत."

त्यानंतर दर सहा महिन्यांनी ज्योती नागपूरला तपासणीला जाते. पहिल्या चार वेळा मॅडम बरोबर गेल्या. चौथ्या वेळी ज्योतीनंच सांगितलं की आता मी एकटी जातो जी, तुमी डॉक्टरले लई प्रश्न विचारता. अजून तिच्यात काही सापडलेलं नाही. कौशल्या बरी आहे. डेपोच्या क्वार्टरमागं तिनं कोंबड्या पाळल्या आहेत.

ज्योतीला रिपोर्ट सांगितला त्या दिवशी ती गेल्यावर मॅडम स्वतःचा रिपोर्ट हातात घेऊन बसल्या होत्या. सुटल्याचा आनंद मला त्यांच्या तोंडावर शोधूनही सापडला नाही. त्या म्हणाल्या, "मंग अम्मीले कशानं झाला?"

मी म्हटलं, "मॅडम, अम्मींना जीन असेल. तुम्हाला आला नसेल."

"असू शकते. नसूही शकते. ब्लॉक पाहा लागते."

ऑपरेशनात काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. मेणात तो वर्षानुवर्षं टिकतो. अम्मींचं ऑपरेशन नागपूरच्या एका जुन्या दवाखान्यात झालं होतं. आम्ही दोघी गेलो. तिथल्या कोठीत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे खोके छतापर्यंत रचलेले होते. कारकून म्हणाला की इतकं जुनं कोणी मागत नाही, तुम्हीच शोधा. आम्ही दीड दिवस शोधलं. मॅडमना नंबर पाठ होता. ब्लॉक सापडला तेव्हा तो काडेपेटीपेक्षाही लहान होता, मेण पिवळं पडलेलं. कारकुनानं रजिस्टर पुढं केलं. ‘कोणी नेला’ या रकान्यात मॅडमनी सही केली आणि पुढं लिहिलं, डॉक्टर.

चंद्रपूरला येऊन मी काप केला. मॅडम घड्याळ पाहत कुकरजवळ उभ्या होत्या. मग आम्ही दोन तोंडांना बसलो. त्यांनी आधी चांगल्या नळ्या दाखवल्या. तपकिरी होत्या. त्या काळी कोणीतरी तो तुकडा नीट बुडवला होता. मग त्यांनी काच सरकवली.

"काय दिसते?"

मी पाहिलं. गाठ गच्च तपकिरी होती. एकूण एक केंद्रक.

"रिसेप्टर दिसतो, मॅडम. भरपूर आहे."

"हो."

त्यांनी खूप वेळ डोळे काढले नाहीत. मग मला समजावून सांगावं तसं, पण माझ्याकडे न बघता बोलल्या. बीआरसीए बिघडलेल्या बाईची गाठ बहुतेक वेळा अशी नसते. त्यावरून अम्मीचा जीन चांगला होता असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण माझा पुण्यातला अंदाज चुकला असं म्हणता येतं. ही तपासणी तेव्हा इथं कोणी करत नव्हतं. गोळी होती.

"गोळी तेव्हा होती?" मी विचारलं.

"होती. नागपूरच्या दुकानात भेटत होती."

अम्मी ऑपरेशननंतर दोन वर्षं जगल्या होत्या. गोळीनं त्या किती जगल्या असत्या हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि मॅडमही तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी दिवा बंद केला, काच डब्यात ठेवली आणि खाली दुकानात जाऊन भावाला सांगितलं. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. भावानं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं एवढं वरून दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ब्लॉक वापस द्याचा आहे." मी म्हटलं, कोण विचारणार आहे, ठेवा ना तुमच्याजवळ. त्या म्हणाल्या, दवाखान्याचा आहे.

आम्ही पहिल्या गाडीनं नागपूरला गेलो. तोच कारकून होता. त्यानं रजिस्टर काढलं, मॅडमची ओळ शोधली आणि ‘कोणी परत केला’ या रकान्यावर बोट ठेवलं. मॅडमनी जवळचा चष्मा लावला, सही केली आणि पुढं लिहिलं, मुलगी.

कारकुनानं वाचलं. "मॅडम, इथं पद लिहायचं असते. नातं नाई."

"लिहिलं आता," मॅडम म्हणाल्या. "राहू द्या."

त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, शिक्का मारला, आणि ब्लॉक जिथून निघाला होता त्या खोक्यात नेऊन ठेवला.